जावयाच्या कॅमेऱ्यावरची नजर

एतेलविनाबाईला कुणी "कशी आहेस?" विचारलं तरी ती आधी विचारणाऱ्याच्या बुटांकडे बघायची. बुटांना तांबडा चिखल असला तर माणूस पुलाकडून आलेला, म्हणजे ओळखीतला. राखाडी चिखल असला तर वरच्या डोंगरातून उतरलेला. आणि डोंगरातून उतरणाऱ्या अनोळखी माणसाला ती साधं पाणीसुद्धा विचारत नसे.

ती जन्मापासून अशी नव्हती. उलट तरुणपणी तिच्या चुलीवरचं सुपाचं भांडं खोऱ्यात प्रसिद्ध होतं. वाटेवरच्या कुणीही येऊन बसावं, वाडगा पुढे करावा. असाच एकदा एक गोरा, मऊ बोलणारा माणूस आला. फुलपाखरांचा अभ्यास करतो म्हणाला. एतेलविनाने त्याला मागची खोली दिली, युकाचे कंद उकडून घातले, त्याचे मोजे वाळवले. तिचा नवरा आबेलार्दो त्याला रोज डोंगरावर न्यायचा. शिकारीला जाणाऱ्या त्याच्या आजोबांची एक जुनी वाट होती, जी आबेलार्दोशिवाय कुणालाच ठाऊक नव्हती, त्या वाटेने. "ढग कधी हटतो हो तिथला?" असं तो माणूस रोज सकाळी कॉफी पिताना विचारायचा. त्याच्याजवळ जाळीही होती आणि काचेच्या डब्यात खरीखुरी फुलपाखरंही होती, म्हणून कुणाला काही वाटलं नाही.

तो गेला आणि पुढच्या कोरड्या दिवसांत कंपनीची माणसं आली. डोंगराच्या पोटात तांबं आहे म्हणे. आली ती सरळ आबेलार्दोच्याच वाटेने, एकदाही न चुकता. गावाने त्यांना दगड मारून पिटाळलं, पण त्यांचा तळ डोंगरापलीकडे पडला तो पडलाच. आणि एतेलविनाच्या घराला नाव पडलं, हेराचं घर. मिंगाच्या दिवशी, म्हणजे सगळा गाव मिळून रस्ता दुरुस्त करतो त्या दिवशी, आबेलार्दोच्या शेजारी फावडं घेऊन कुणी उभं राहीना. एतेलविनाचा सख्खा धाकटा भाऊ रोसेंदो तेव्हा नुकताच गावसमितीचा प्रमुख झाला होता. त्याने बहिणीचा उंबरा सोडला. आबेलार्दो गेला तेव्हाही तो फाटकाशी टोपी हातात धरून उभा राहिला आणि तिथूनच परत गेला.

तेव्हापासून एतेलविनाच्या मनाला कुलूप होतं आणि किल्ली तिने विहिरीत टाकली होती.

अशा घरात तिचा जावई विल्मेर राहायला आला.

लेक मिरेया राजधानीत, कितोला, शिवणकाम शिकायला गेली होती, तिथे तिने याच्याशी लग्न केलं. विल्मेर एका छापखान्यात कामाला होता. छापखाना बंद पडला, मिरेयाला दिवस गेलेले, शहरातलं भाडं परवडेना. मग दोघं गाठोडी घेऊन बसमधून उतरली. पोरीला जवळ घेताना एतेलविनाचे डोळे भरून आले, पण तिच्या खांद्यावरून ती जावयाच्या सामानाकडे बघत होती. सामानात एक लांबट काळी पेटी होती.

"त्यात काय आहे, जावईबापू?"

"कॅमेरा आहे, सासूबाई. जुनाच आहे."

"छापखान्यातल्या माणसाला कॅमेरा कशाला?"

"हौस म्हणून."

"हौस," एतेलविना म्हणाली आणि तो शब्द खडा लागल्यासारखा तिने तोंडात घोळवला.

पहिले काही दिवस विल्मेरने बरं वागून पाहिलं. लाकडं फोडली, कोंबड्यांचं खुराडं नीट केलं. पण त्याचं खरं लक्ष मागच्या बागेत होतं. एतेलविनाची बाग म्हणजे काही आखीवरेखीव बाग नव्हती. कॉफीची झाडं, पेरू, केळी, आणि कुंपणाच्या कडेने तिने वर्षानुवर्षं टोचलेल्या फांद्यांतून वाढलेली फुक्सिया, लाल जास्वंद, जांभळ्या तुऱ्यांची वेर्बेना. त्या फुलांवर दिवसभर किंदे यायचे. हमिंगबर्डला आमच्या खोऱ्यात किंदा म्हणतात. अंगठ्याएवढा जीव, पण हवेत जागच्या जागी उभा राहतो, मागे जातो, बाजूला सरकतो, आणि पंख मात्र दिसतच नाहीत. एतेलविनाला त्यांचं काही कौतुक नव्हतं. कोंबड्या होत्या तसे किंदे होते, फक्त अंडी देत नव्हते.

एके दिवशी सकाळी ती कॉफी घेऊन मागच्या दारी आली तर जावई स्टुलावर बसलेला. पुढे तिकाटण्यावर कॅमेरा, कॅमेऱ्याचं तोंड डोंगराकडे.

"उडता किंदा पकडायचाय," तो कुजबुजला. "पंखाचं पीस न् पीस दिसलं पाहिजे. त्याला ऊन लागतं, चांगलं रखरखीत. उजेड कमी असला की पंखांचं नुसतं धुकं येतं." मग त्याने डोंगराकडे बघत सहज विचारलं, "ढग कधी हटतो हो तिथला?"

एतेलविनाने हातातला कप खाली ठेवला.

"का? तुला काय करायचंय डोंगराचं?"

"डोंगराचं नाही हो, उन्हाचं."

त्या दिवसापासून ती त्याच्यावर पाळत ठेवू लागली. वाटाणे सोलायला बसली तर अशा जागी, की बाग दिसावी. कपडे वाळत घालताना चादरीच्या फटीतून बघायची. आणि जे दिसे त्यातलं काहीच सरळ वाटेना. धडधाकट पुरुष तासन् तास फुलासमोर बसतो आणि काहीच करत नाही. ऊन आलं की खटखट खटखट, ढग आला की पुन्हा मख्ख. मधेच डोळे बारीक करून डोंगर न्याहाळतो. एकदा तर त्याने पेरूची एक जाड फांदीच कापली.

"अरे, फळाची फांदी होती ती!"

"मधे येत होती, सासूबाई. मागे लांबवर मोकळं असलं की पक्षी उठून दिसतो. आता बघा कसं झालं."

एतेलविनाने पाहिलं. फांदी गेल्यावर समोरच्या डोंगराची सगळी कूस उघडी पडली होती, दरड कोसळलेली जागा, देवदाराचं उंच झाड आणि त्याच्या डाव्या अंगाने चढत गेलेली आबेलार्दोची वाट.

तिने लेकीला एकटीला गाठलं. "तुझा नवरा करतो काय नेमकं?"

"आई, फोटो काढतो. तुला दिसत नाही का?"

"दिसतं म्हणूनच विचारतेय. फुलपाखरूवालासुद्धा फुलपाखरंच पकडायचा."

मिरेयाने हातातली सुई कपड्यात टोचली. "त्याची तुलना तू माझ्या नवऱ्याशी करतेस?"

"मी कुणाशीच कुणाची तुलना करत नाही. मी फक्त विचारते."

"सगळा जन्म तू विचारतच राहणार," मिरेया म्हणाली आणि पोटावर हात ठेवून आत गेली.

गावातही कुजबुज सुरू झाली होतीच. क्लोरिंदाच्या दुकानात मीठ घ्यायला गेल्यावर क्लोरिंदा काटा धरून मुद्दाम मोठ्याने म्हणाली, "घरजावई आणलास म्हणे? बरं केलंस. आयता राखणदार. डोंगरावर चांगली नजर ठेवतो, असं ऐकते."

"कुणाकडून ऐकतेस?"

"आता ज्याला डोळे आहेत तो बघतो, ज्याला तोंड आहे तो बोलतो. तुझ्या जावयाला म्हणावं, पांढऱ्या गाडीशी बोलायचं तर जरा आडोशाला बोल. वळणावर थांबलं की अख्ख्या खोऱ्याला दिसतं."

एतेलविनाने मिठाची पुडी उचलली आणि वाटेत तिला पुडी फुटलेलीसुद्धा कळली नाही. आमच्या खोऱ्यात पांढरी डबल केबिनची गाडी कंपनीशिवाय कुणाकडे नाही.

मग तिने ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. कॉफी तोडत असताना, पानांच्या आडून. गाडी वळणावर उभी, खिडकीची काच खाली, आणि विल्मेर खिडकीला कोपर टेकून बोलतोय. हसत नव्हता, पण भांडतही नव्हता. त्याने फोन पुढे करून आतल्या माणसाला काहीतरी दाखवलं. मग गाडी धूळ न उडवता, हळू, पाहुण्यासारखी निघून गेली.

तिला जाऊन झिंज्या धराव्यात असं वाटलं, पण एतेलविना आता पहिल्यासारखी भोळी नव्हती. सापाला काठी दाखवली की तो बिळात जातो. त्यापेक्षा बिळाशीच बसावं.

दुसऱ्या दिवशी ती स्टूल घेऊन त्याच्या शेजारी जाऊन बसली. "जावईबापू, मला शिकव."

विल्मेर दचकला. "काय?"

"हे यंत्र. म्हातारी झाले म्हणून काय झालं? माझी बाग, माझी फुलं, माझे किंदे. मला कळायला नको, काय निघतं त्यातून?"

बिचाऱ्याचा चेहरा एवढा उजळला, की क्षणभर एतेलविनालाच चोरट्यासारखं झालं. त्याला वाटलं, सासू आपली झाली. त्याने पट्टा तिच्या गळ्यात घातला, बोटं कुठे ठेवायची ते दाखवलं. मागच्या छोट्या पडद्यावर तिने पहिल्यांदा त्याचं काम पाहिलं. निळी लांब शेपटी मागे सोडून एक किंदा फुक्सियासमोर थांबलेला. पंख असे उघडलेले, की हाताच्या पंज्यावरच्या रेषा दिसाव्यात तशी पिसं दिसत होती. पुढच्या फोटोत पायांवरच्या पांढऱ्या पिसांनी कापसाचे बूट घातल्यासारखा दिसणारा इटुकला किंदा, ज्याला ती नेहमी भुंगाच समजायची, त्याला चक्क डोळा होता आणि त्या डोळ्यात तिचं घर दिसत होतं.

"बाकीचे कुठे आहेत?" तिने विचारलं.

"बाकीचे म्हणजे?"

"एवढी खटखट करतोस. फोटो मूठभरच?"

"बाकीचे वाया जातात हो. फेकून देतो सवडीने."

सवडीने. हाही शब्द तिने जपून ठेवला.

शिकणं तिला सोपं गेलं नाही. तिचे हात कोयत्याचे, मक्याच्या दाण्यांचे. यंत्र हातात धरलं की ते श्वासाबरोबर हलायचं. किंदा येऊन जायचा आणि तिचं बोट मग दाबलं जायचं. "आला की नाही दाबायचं, येणार असं वाटलं की दाबायचं," विल्मेर सांगायचा. तो साखरेच्या पाण्याची बाटली फांदीला टांगायचा आणि किंदे जमले की ती काढून घ्यायचा. मग ते चिडून शेजारच्या फुलांवर तुटून पडायचे. एक तपकिरी दांडगा किंदा तर बाटलीचा मालकच झाला होता. दुसरा कुणी आला की तो भाल्यासारखा त्याच्या अंगावर जायचा.

"हा तुमच्यासारखा आहे, सासूबाई," विल्मेर एकदा म्हणाला.

"म्हणजे कसा?"

"कुणालाच पिऊ देत नाही."

एतेलविनाला हसू आलं होतं, पण तिने ते गिळलं. हसवणाऱ्या माणसांपासून तर जास्तच जपावं.

एका सकाळी मिरेयाला घेऊन विल्मेर तालुक्याच्या दवाखान्यात तपासणीला गेला. बाहेर भुरभुर पाऊस. कॅमेरा कपाटावर होता. बस वळणाआड गेल्याची खात्री करून एतेलविनाने तो खाली काढला आणि शिकवलं होतं तसं बटण दाबत मागे मागे गेली.

आधी एक किंदा दिसला. मग डोंगर. पुन्हा डोंगर. पुन्हा डोंगर. किंदा नाही, फूल नाही, कडेला एखादं अस्पष्ट पान आणि मागे डोंगर, एवढा स्पष्ट की झाडं मोजता यावीत. दरड, देवदार आणि त्या देवदाराच्या डाव्या अंगाने जाणारी वाट, वळणासकट. ती बटण दाबत राहिली आणि डोंगर येत राहिला.

ती खाटेवर बसली. मग उठली, कॅमेरा पदराखाली घ्यावा तसा शालीत गुंडाळला आणि रोसेंदोच्या घराच्या वाटेला लागली. या वेळी तरी गावाला आधी कळू दे. या वेळी हेराचं घर स्वतःच बोंब मारेल. पण पुलापर्यंत गेल्यावर ती थांबली. लेकीचं काय? पोटातल्या बाळाला पाळण्यातच ते नाव चिकटेल. रोसेंदो विचारेल, "ताई, पुन्हा तुझ्याच घरात?" पुलाच्या कठड्याशी उभी असताना तिच्या लक्षात आलं की आपलं डोकं, खांदे चिंब झालेत आणि शाल आपण त्या मेल्या यंत्राभोवती गुंडाळलीय. तिला स्वतःचाच राग आला. ती परत फिरली.

घरी येऊन ती मागच्या दारात बसली. पाऊस थांबला आणि डोंगराच्या डोक्यावरून ऊन सांडलं. पावसानंतर किंदे भुकेले होतात. वेर्बेनावर निळ्या शेपटीचा आला. एतेलविनाच्या डोक्यात आग होती, पण हात मात्र शिकलेलं विसरले नव्हते. तिने कॅमेरा उचलला आणि दाबलं. किंदा सरकला, तिने पुन्हा दाबलं, तो गेला, परत आला, तिने पुन्हा दाबलं. मग काय आलं ते बघायला तिने पडदा उजळला.

डोंगर होता. किंदा नाही, फूल अर्धं, आणि मागे डोंगर, स्वच्छ, देवदारासकट. पुढचा फोटो, डोंगर. त्याच्या पुढचा, डोंगर आणि कोपऱ्यात शेपटीचं एक टोक.

तिला तर डोंगर नको होता. तिने तर डोंगराकडे पाहिलंही नव्हतं.

दुपारी दोघं परतली. एतेलविनाने दोघांपुढे सूप ठेवलं, मक्याचे दाणे ठेवले, आणि विल्मेरने पहिला घोट घेतल्यावर म्हणाली, "तुझे सगळे फोटो पाहिले मी. नुसते डोंगर."

मिरेयाने चमचा खाली ठेवला. विल्मेर मात्र हसला. "वाया गेलेले ते. यंत्र आपणहून नजर लावतं. पक्षी हलला की त्याची नजर निसटते आणि मागे डोंगरावर जाऊन बसते. म्हणून म्हटलं ना, फेकून देतो."

"ते कळलं मला. माझ्या हातूनही डोंगरच आले." तिने पाव मोडला. "आता पांढऱ्या गाडीचं सांग."

विल्मेरचं हसू जागच्या जागी विझलं. मिरेया त्याच्याकडे बघू लागली. "कुठली पांढरी गाडी?"

विल्मेरने वाडगा बाजूला सारला. बाहेर कोंबडी ओरडत होती.

"मी इंटरनेटवर टाकलेले किंद्यांचे फोटो त्यांनी पाहिले होते," तो शेवटी म्हणाला. "कंपनीला कॅलेंडर काढायचंय. इथले पक्षी, शाळेतली मुलं, हसणाऱ्या बायका. वर्षभराची नोकरी देतो म्हणाले."

"आणि तू काय म्हणालास?" मिरेयाने विचारलं.

"नाही म्हणालो नाही." त्याने मान खाली घातली. "हो पण म्हणालो नाही. विचार करतो म्हणालो. बाळ येतंय, मिरेया. मी सासूच्या घरी लाकडं फोडतोय. मला वाटलं, पक्ष्यांचेच तर फोटो आहेत."

"माझ्या बापाला याच गावाने जिवंतपणी गाडलं," मिरेया म्हणाली. "पक्ष्यांचेच फोटो!" ती ताटावरून उठली आणि खोलीचं दार लावून घेतलं.

एतेलविनाने मिरेयाचा अर्धा वाडगा झाकून ठेवला. नवल म्हणजे तिचा राग कुठेतरी उतरला होता. इतकी वर्षं ती सावल्यांवर भुंकत आली होती, आज पहिल्यांदा सावलीमागे माणूस सापडला. तोही कसा, तर घाबरलेला, कोवळा.

"रविवारी सभा आहे," ती म्हणाली. "हे सगळं तू तिथे सांगायचंस. स्वतःच्या तोंडाने."

"ते मला फाडून खातील."

"खातील. पण आधी तू सांगितलंस तर भाजून खातील, त्यांना आधी कळलं तर कच्चं. आबेलार्दोने सांगितलं नव्हतं. त्याला कळलं होतं, फुलपाखरूवाला रात्री नकाशे काढतो ते. मला म्हणाला होता, 'असेल काहीतरी, आपल्याला काय करायचंय.' आणि मीही गप्प बसले."

हे तिने आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगून झाल्यावर ती उठली आणि भांडी घासायला लागली.

रविवारी शाळेच्या पडवीत सगळा गाव जमला. रोसेंदो मधल्या बाकावर, टोपी गुडघ्यावर. एतेलविना सहसा सभेला मागच्या भिंतीशी उभी राहायची, त्या दिवशी ती जावयाला घेऊन पुढे आली. विल्मेर बोलला. अडखळला, घामाघूम झाला, पण गाडी, कॅलेंडर, नोकरी, आणि आपण नाही म्हणालो नाही हेसुद्धा, काही लपवलं नाही.

मग जो गिल्ला उठला! "हाकला त्याला!" "कॅमेरा फोडा!" क्लोरिंदा म्हणाली, "मी आधीच म्हटलं होतं!" आणि ते खरं असल्यामुळे सगळ्यांना तिचा जास्तच राग आला.

रोसेंदोने हात वर केला. "ताई, तू काय म्हणतेस? तुझा जावई आहे."

"जावई आहे म्हणून मी त्याला जामीन नाही राहणार," एतेलविना म्हणाली. "माझा त्याच्यावर भरवसा नाही. तुमचाही नको. पण मागच्या वेळी चोर दुसऱ्याने शोधला, या वेळी मी आणून उभा केलाय, आणि तोही चोरी करायच्या आधी. एवढं ध्यानात घ्या आणि मग काय करायचं ते करा."

बराच वेळ वादावादी झाली. शेवटी समितीने ठरवलं की विल्मेरने गाडीवाल्यांना सगळ्यांसमक्ष नकार द्यायचा, आणि गावात राहील तोवर कॅमेऱ्याला हात लावायचा नाही. कॅमेरा कुणाच्या ताब्यात ठेवायचा, यावर घोळ झाला. समितीच्या कपाटात बुरशी लागेल असं विल्मेरच कळवळून म्हणाला. तेव्हा मागून कुणीतरी म्हातारा ओरडला, "एतेलविनाकडे द्या! तिचा तर देवावरही भरवसा नाही!" सभा हसली. बऱ्याच वर्षांनी तिच्या नावावर गाव हसलं होतं आणि त्या हसण्यात काटा नव्हता.

रोसेंदो हसला नाही. "दर रविवारी मी येऊन फोटो तपासणार," तो म्हणाला. "एकूण एक."

"ये की," एतेलविना म्हणाली. "दार दाखवू का, की आठवतंय?"

विल्मेरने वळणावर, निम्म्या गावाच्या देखत, गाडीच्या खिडकीत तोंड घालून नाही म्हटलं. नंतर त्याला इबार्रा शहरात लग्नाचे फोटो काढणाऱ्या एकाकडे काम मिळालं. शनिवारी संध्याकाळी तो बसने येतो. मिरेया त्याच्याशी बोलत नव्हती, ती मुलगी झाल्यावर बोलू लागली, कारण रात्रभर रडणाऱ्या पोरीला घेऊन एकटीने अबोला धरणं जमत नाही.

आणि एतेलविना? कॅमेरा ताब्यात आला तेव्हा तिने तो कपाटावर ठेवून दिला होता. पण सकाळी ऊन आलं की तिचे हात शिवशिवायचे. 'यंत्र बंद पडू नये म्हणून' ती तो खाली काढू लागली. यंत्राला आपणहून नजर लावू द्यायची नाही, आधीच फुलाच्या टोकावर हाताने नजर बांधून ठेवायची आणि किंद्याची वाट बघायची, हे तिला विल्मेरने फोनवरून सांगितलं. तरी महिनोन् महिने वाया गेले. मग एका सकाळी, जास्वंदीच्या लांब दांड्यासमोर तो तपकिरी दांडगाच येऊन थांबला, आणि तिने दाबलं. पंख वर, टोकाला टोक जवळजवळ भिडलेलं, चोचीच्या अग्रावर पाण्याचा थेंब. मागे नुसता हिरवा, मऊ धूसर पट्टा. विल्मेरला दाखवला तर तो म्हणाला, "डोळा थोडा मऊ आलाय." तिने त्याला दोन दिवस सूप वाढलं नाही.

रोसेंदो रविवारी येतो. चष्मा लावून, पडवीत बसून एकूण एक फोटो बघतो, जिथे डोंगर स्पष्ट दिसेल तो पुसायला लावतो. पहिल्यांदा तो उभ्यानेच बघायचा. मग बसून. मग कॉफीबरोबर. आता तर गुळाचं पाणी उकळलंय का, असं तोच विचारतो.

"हा कशाला ठेवलास?" तो भुवया चढवतो. "यात तर काहीच नाही."

"नीट बघ, आंधळ्या. पानामागे मादी घरटं बांधतेय."

"आणि या पानामागे वाट आहे."

"वाट पुसली तर घरटंही जाईल."

दोघं वाद घालत बसतात. कधी फोटो राहतो, कधी जातो.

बाग बघायला हल्ली शहरातून एखादा माणूस येतो, गळ्यात मोठं यंत्र अडकवून. एतेलविना त्याला कुठून आलास, कुणी पाठवलं, रात्री कुठे राहणार असं सगळं विचारते. उत्तरं पटली तर स्टूल देते, पण त्याच्या मागेच दुसरं स्टूल टाकून बसते. पेरूची फांदी पुन्हा वाढलीय, ती कुणाला कापू देत नाही. डोंगरापलीकडचा तळ अजून आहेच.

परवा शनिवारी विल्मेर बसमधून उतरला, पोरीला खांद्यावर घेऊन बागेत गेला आणि तिला किंदे दाखवू लागला. एतेलविना वाटाणे सोलत मागच्या दारात बसली होती, नजर तिकडेच. मिरेया शेजारी येऊन टेकली.

"आई, आता तरी त्याच्यावर विश्वास बसला का?"

एतेलविनाने एक शेंग मोडली, दाणे वाडग्यात टाकले.

"बसला," ती म्हणाली. "पण मधूनमधून उठतो."